लॅपटॉपवर पळतं, सर्व्हरवर पडतं: गडबड कोडची नाही, पत्त्याची!

एआयकडून कोड लिहून घेऊन ॲप बनवणारे आता गल्लोगल्ली भेटतात. चांगलंच आहे. पण तेच ॲप सर्व्हरवर टाकलं की कधीकधी सुरूच होत नाही. असं का होतं? 'एलिक्सिर' या फंक्शनल भाषेचं उदाहरण घेऊन बघूया.

एलिक्सिर चालते ती अर्लँगच्या व्हर्च्युअल मशीनवर. अर्लँग एरिक्सन कंपनीत १९८०च्या दशकात टेलिफोन एक्सचेंजसाठी बनली. व्हॉट्सॲपचे सर्व्हर तिच्यावरच उभे राहिले, तर डिस्कॉर्ड एलिक्सिर वापरतं.

सुरुवात कशी होते?
ॲप सुरू होताना 'सुपरवायझर' एकेक प्रोसेस ठरलेल्या क्रमाने उठवतो. आधी डेटाबेस, मग वेब सर्व्हर. एक जरी उठली नाही, तरी तो आधी उठलेल्यांनाही थांबवतो. मला हे योग्यच वाटतं. दरांची यादी न वाचता सुरू झालेलं ॲप ग्राहकाला चुकीची किंमत दाखवेल. त्यापेक्षा बंद पडलेलं बरं.

मग फाईल सापडत का नाही?
अशा याद्या, चित्रं 'प्रिव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. लॅपटॉपवर तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमधूनच ॲप चालवता, म्हणून नुसतं 'प्रिव्ह' लिहिलं तरी भागतं. रिलीजमध्ये मात्र हे फोल्डर ॲपचं नाव आणि आवृत्ती असलेल्या वेगळ्या फोल्डरच्या आत जातं. म्हणून पत्ता 'ॲप्लिकेशन डॉट ॲप डिर' या फंक्शनला विचारायचा, आणि तोही ॲप चालू असताना. मॉड्यूलच्या ॲट्रिब्यूटमध्ये साठवलात तर कंपाइल करतानाचाच पत्ता कायमचा चिकटतो.

खरा धोका पासवर्डचा
'कॉन्फिग' फाईल बिल्ड करताना वाचली जाते. त्यात पासवर्ड लिहिला, तर तो कोडसोबत गिटमध्ये जातो आणि तयार पॅकेजमध्येही बसतो. २०२० मध्ये आलेल्या १.११ आवृत्तीपासून 'रनटाइम' नावाची वेगळी कॉन्फिग फाईल मिळते. ती ॲप सुरू होताना वाचली जाते, त्यामुळे पासवर्ड सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेता येतो.

माझ्या मते एआयने लिहिलेल्या कोडला दोनच प्रश्न आधी विचारा: ही ओळ बिल्ड करताना चालते की ॲप सुरू होताना? आणि ही फाईल सर्व्हरवर नेमकी कुठे असेल? भाषा कुठलीही असो, हे दोन प्रश्न सुटत नाहीत. उत्तर येत नसेल, तर ॲप अजून लोकांच्या हाती देऊ नका.