दारू आणि झोपेची गोळी : घरातला धोका

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा प्रचंड साठा जप्त केला. २०२० च्या चाकण प्रकरणाचा तपासही शिरूर तालुक्यातील रांजणगावपर्यंत पोहोचला होता. अशा बातम्यांनी आपण धास्तावतो. घरच्या कपाटातील अल्प्राझोलाम वा डायझेपाम मात्र निरुपद्रवी वाटते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेली गोळी, तिचे कसले भय!

दारूशी गाठ पडताच चित्र पालटते. मेंदूतील ‘गाबा’ नावाचे रसायन चेतापेशींना शांत करते. दारू आणि या गोळ्या त्याचा प्रभाव निरनिराळ्या मार्गांनी वाढवितात. दोन्ही एकत्र आल्यास श्वसनाचे नियंत्रण करणारे केंद्रच मंदावू शकते. केवळ गोळ्यांनी मृत्यू क्वचित ओढवतो, दारूसोबत ही शक्यता पुष्कळ वाढते. शिवाय डायझेपामचा अंश शरीरात कित्येक दिवस रेंगाळतो. त्यामुळे ‘गोळी काल घेतली, पेला आज’ हा हिशेब फसवा आहे.

पिऊन घोरणाऱ्याला ‘झोपू द्या’ म्हणून सोडले जाते. तो हाकेला उठत नसेल, श्वास संथ असेल, तर त्यास कुशीवर वळवून त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र दीर्घकाळ चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये, झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी लागते.