जीपची पुण्याई आणि मावळचा चिखल

रांगड्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांशी पुणे जिल्ह्याइतके जवळचे नाते देशातल्या फार थोड्या जिल्ह्यांचे असेल. महिंद्राचा मोठा कारखाना चाकणला आहे. ‘गुरखा’ बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचे मुख्यालय आकुर्डीला आहे. मूळ अमेरिकी ‘जीप’ कंपनीच्या रँग्लरची जुळणी २०२१ पासून रांजणगावला होते, आणि लँड रोव्हरची मालकी २००८ पासून टाटा मोटर्सकडे असल्याने तिच्याही काही गाड्या पुण्याच्या परिसरातच जुळवल्या जातात. या सगळ्या घराण्यांच्या गाड्या पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी उर्से टोलनाका ओलांडून लोणावळ्याकडे जाताना दिसतात. त्यांत सर्वांत जास्त नजरेत भरते ती महिंद्राची ‘थार’. तिच्याविषयी सध्या दोनच प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक भाबड्या कौतुकाचे आणि दुसरे ‘थारवाले’ म्हणून सरसकट शिव्या घालण्याचे. मला दोन्ही अपुरी वाटतात. या गाडीचे आकर्षण खरे आहे आणि ते कष्टाने कमावलेले आहे. मात्र ते कमावले गेले मावळसारख्या रस्ते नसलेल्या मुलखात, तिथल्या माणसांच्या कामी येऊन. त्या पुण्याईवर आज गाडी विकणाऱ्यांनी आणि ती मिरवणाऱ्यांनी त्याच मुलखाचे देणे मानले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही पुण्याई कशी जमली ते आधी पाहू. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीची मागणी केली आणि तीही इतक्या घाईची की बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडे काढले. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लगेच, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले, तर इथल्या कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. नंतर उंच बॉनेटची सीजे-३बी आली, डिझेल इंजिने आली, ऐंशीच्या दशकात एमएम-५४० आली. लोक मात्र या सगळ्यांना एकाच नावाने ओळखत राहिले: जीप.

ज्या देशात खेड्यापर्यंत डांबर पोहोचले नव्हते, तिथे या गाडीने जे केले त्याची यादी सरकारी कागदपत्रांपेक्षा लोकांच्या आठवणीत जास्त आहे. तहसीलदार, धरणाचे आणि पाटबंधाऱ्याचे अभियंते, देवीची लस टोचणारे पथक, मतपेट्या नेणारे कर्मचारी, पोलीस, सगळे जीपने आले. गावातला माणूस तालुक्याला गेला तो वडापच्या जीपने आणि ऐंशीच्या दशकानंतर बजाज टेम्पोच्या ‘ट्रॅक्स’ने, अनेकदा मागच्या पायरीवर लटकून. अडलेली बाळंतीण, साप चावलेले पोर, लग्नाचे वऱ्हाड, बाजाराची पोती यांना वेगळी गाडी कुठून मिळणार होती? आणि हे काम तिला झेपायचे कारण तिची घडण. जाड लोखंडी सांगाड्यावर बसवलेली, पाट्यांवर उभी, सपाट पत्र्याची गाडी. पत्रा चेपला तर गावातला लोहार ठोकून सरळ करी आणि इंजिन अडले तर तालुक्याचा फिटर हाताला येईल त्या पान्याने ते चालू करी. दुसरा गिअरदांडा ‘लो’मध्ये टाकला की वेग घटून चाकाची ओढ वाढते, आणि चाक गरगर न फिरता दगडाला धरून हळूहळू चढते. ताकद चारही चाकांत वाटली गेल्याने दोन चाके चिखलात रुतली तरी उरलेली दोन तिला बाहेर काढू शकतात. ही सोय कुणाच्या हौसेसाठी शोधलेली नव्हती. इंग्लंडमध्ये १९४८ साली निघालेली पहिली लँड रोव्हरसुद्धा युद्धातल्या जीपवरूनच सुचलेली होती आणि ती शेतकऱ्यांसाठी होती. तिच्या इंजिनावर शेतातली अवजारे चालवण्याची सोय असे.

२०१० मध्ये ‘थार’ आली ती या कामकरी वंशाची वारस म्हणून. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तिची नवी पिढी आली आणि चित्र बदलले. गाडी यंत्र म्हणून उत्तम आहे, यात शंका नको. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता आणि जवळपास ४२ अंशांच्या चढाला नाक न घासता भिडता येईल अशी पुढची बाजू हे आकडे कौतुकाचेच आहेत. पण जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तीच गाडी फक्त मागच्या चाकांवर चालणारीही आणली, म्हणजे रूप जीपचे आणि अंगात फोर बाय फोर नाही. तिलाही भरपूर गिऱ्हाईक मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच दारांच्या ‘थार रॉक्स’ची नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्या तासाभरात १ लाख ७६ हजारांवर लोकांनी पैसे भरले. एवढ्या लोकांना रोज ओढे ओलांडायचे असतील, असे कुणीही म्हणणार नाही. त्यांना हवा आहे तो त्या रूपाला चिकटलेला भरवसा आणि धाक. हे रूप किती मोलाचे आहे, ते अमेरिकेतल्या खटल्यानेही दाखवले. महिंद्राने तिकडे ‘रॉक्सॉर’ नावाची छोटी गाडी काढली, तेव्हा ती आपल्या जीपसारखी दिसते म्हणून फियाट क्रायस्लरने दावा लावला आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने महिंद्राला ते रूप बदलायला लावले. उभ्या जाळीच्या आणि सपाट मडगार्डच्या त्या चेहऱ्यासाठी कंपन्या वर्षानुवर्षे भांडतात, कारण त्यात पाऊणशे वर्षांची कामगिरी साठलेली आहे.

आता मावळात काय होते ते बघा. पुण्या-मुंबईच्या माणसाला चिखल हवा असतो तो जून-जुलैत, आणि मावळात त्या दिवसांतला चिखल म्हणजे भातखाचर. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ हा सगळा भाताचा पट्टा आहे. महाराष्ट्रभर खाल्ला जाणारा इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातूनच बाहेर पडला. त्या खाचरातला चिखल आपोआप होत नाही. पाणी अडवून, नांगर फिरवून माती घोटावी लागते. त्या चिखलणीने तळाला घट्ट थर बसतो आणि पाणी मुरून जात नाही. मगच लावणी होते. खाचरे पायऱ्यांनी उतरत जातात, वरचे पाणी खालच्याला मिळते आणि हे सारे हातभर रुंदीच्या मातीच्या बांधावर तोललेले असते. दीड टनाहून जड गाडीचे एक चाक त्या बांधावरून गेले की पाणी एका जागी फुटते, वरचे खाचर कोरडे पडते आणि खालच्यातली रोपे आडवी होतात. शेतकरी दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तेव्हा गाडी पुण्यात धुवायला गेलेली असते. रस्त्यालगतच्या एखाद्या पडीक दिसणाऱ्या तुकड्यातही पुढच्या आठवड्यात लावणी व्हायची असते, हे बाहेरच्याला कळत नाही. कळून घेण्याची त्याच्यावर सक्तीही नाही.

राजमाचीची वाट हे दुसरे उदाहरण. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून उधेवाडीला जाणारी ही वाट बऱ्याच अंशी कच्ची आहे आणि फोर बाय फोरवाल्यांत तिचे मोठे नाव आहे. ज्याला हौसेची वाट म्हणतात, ती उधेवाडीच्या माणसांची गाडीने लोणावळ्याला येण्याची वाट आहे. दवाखाना, किराणा, कॉलेज, सगळे तिच्या दुसऱ्या टोकाला. भर पावसात चाके जागेवर फिरवून चिखल उडवला की खोल चाकोऱ्या पडतात, चाकोरीत पाणी वाहते आणि वाहते पाणी वाट खणून काढते. गाडी घेऊन आलेला माणूस संध्याकाळी द्रुतगती मार्गाला लागतो. गावाला मात्र त्याच चाकोऱ्यांतून आजारी माणूस न्यायचा असतो. ज्या जीपने अशा गावांची अडचण वाहिली, तिच्याच वारसाने ती वाढवावी, हे मला फार लागते.

मोकळी जागा असा काही प्रकार मावळात उरलेला नाही. जी जागा कुंपणाशिवाय दिसते ती कुणाचे खाचर असते, गावाचे गायरान असते, देवराई असते, वनखात्याचे राखीव वन असते किंवा ओढ्या-नदीचे पात्र असते. पवना धरण, द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती या सगळ्यांसाठी या तालुक्याने जमीन दिली आहे. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला तीन शेतकऱ्यांचे जीव गेले आहेत. अशा ठिकाणी उरलेल्या तुकड्यावर कुणी न विचारता गाडी घालावी, हे लोकांना झोंबणारच. कायदाही गप्प नाही. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्या पर्यटकांवर पोलीस गुन्हे नोंदवतात. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये वाहतूककोंडी चुकवायला एकाने थार थेट चंद्रा नदीतून हाकली, तेव्हा चित्रफितीवरून गाडी शोधून पोलिसांनी दंड केला. म्हणजे ठरवले तर कारवाई करता येते.

यावर पहिला आक्षेप असा की बहुतेक थार डांबर सोडतच नाहीत, मग थोड्यांसाठी सगळ्यांना का बोलायचे? आक्षेपातली माहिती बरोबर आहे. मागच्या चाकांवर चालणारी गाडी विकली जाते, यातच तिचा पुरावा आहे. पण बांध फुटायला शंभर गाड्या लागत नाहीत, एक पुरते. शिवाय जे डांबर सोडतात त्यांतले शिकलेले, गटाने फिरणारे, दोर आणि फावडे बाळगणारे चालक फारसे नुकसान करत नाहीत; वाट आणि जमीन ओळखायला त्यांनी वर्षे घालवलेली असतात. नुकसान करतो तो जाहिरात पाहून आलेला नवखा. म्हणून हा प्रश्न जाहिरातीचाही आहे. दुसरा आक्षेप रोजगाराचा: पर्यटक आले म्हणून भजी, मका, चहा, पवनेकाठचे तंबू चालतात. खरेच चालतात, आणि ते चालावेत. पण मक्याचे कणीस घेणाऱ्याचे पैसे कणीस विकणाऱ्याला मिळतात, ज्याचे खाचर तुडवले त्याला काही मिळत नाही. दोघे एकाच गावचे असले म्हणून हिशेब मिटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मावळचे खरे नुकसान डोंगर फोडून, ओढे बुजवून केलेल्या प्लॉटिंगने आणि बंगल्यांनी केले आहे, जीपच्या चार चाकांनी नव्हे, असे कुणी म्हटले तर मी ते मान्य करीन. त्या लढाईपुढे ही लहान आहे. तरीही ती सोडून देऊ नये, कारण डोंगरावर पडलेली चाकोरी रुळली की ती ‘वाट’ म्हणून सांगता येते आणि वाट असली की जमिनीचा भाव आणि गिऱ्हाईक दोन्ही येतात. शिवाय मोठ्या नुकसानाला निदान सातबारा, परवानगी, न्यायालय असे भांडायचे दरवाजे आहेत. रविवारी फुटलेल्या बांधाची तक्रार शेतकऱ्याने कुणाकडे न्यायची?

हौस दाबून टाका, असे मी म्हणत नाही. चढावर चाक धरते तेव्हा होणारा आनंद सच्चा आहे, आणि गाडी ज्या कामासाठी घडली ते तिला करू देणे योग्यच आहे. त्यासाठी जागा नेमून द्यावी. तालुक्यात दगडखाणी आहेत. खणून संपलेल्या खाणीत चढ, उतार, दगड, साठलेले पाणी सगळे आयते मिळते आणि तुडवायला पीक नसते. अशी जागा ग्रामपंचायतीने भाड्याने द्यावी, गावातली पोरे तिथे प्रशिक्षक आणि बचाव-चालक म्हणून नेमली जावीत आणि पैसा गावाकडे यावा. हे कंपन्यांना अवघड नाही. महिंद्राने इगतपुरीजवळ अशा चालनाचे प्रशिक्षण देणारी अकादमी चालवली आहे, लोणावळ्यातच ‘ग्रेट एस्केप’ मोहिमा भरवल्या आहेत. त्यांना तंत्र ठाऊक आहे, माणसे ठाऊक आहेत आणि मावळही ठाऊक आहे. फोर्स मोटर्स तर इथलीच. गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाला एक दिवस अशा जागेवर शिकवणे हा विक्रीचाच भाग व्हावा, आणि ओढ्यातून पाणी उडवत जाणाऱ्या गाडीची जाहिरात ज्या जागेवर चित्रित होते, ती जागा कुणाची आणि परवानगी कुणाची, हे जाहिरातीतच लिहिले जावे. ग्रामपंचायतींनीही पावसाळ्याचे चार महिने शिवारात बाहेरच्या गाड्यांना मनाईचा ठराव करून फलक लावावेत आणि बांध फुटला तर गाडीच्या क्रमांकासह तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवण्याची सवय लावून घ्यावी. येत्या मेमध्ये, नांगर खाचरात उतरण्याआधी, मावळच्या पंचायतींनी आणि या दोन कंपन्यांनी एकत्र बसून निदान एक जागा ठरवावी.