पर्यवेक्षण हवे, लुडबूड नको



‘ज्याला येते तो पास होतोच, पर्यवेक्षकाच्या व्यत्ययाचा बाऊ करू नये’ हे नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिक परीक्षांबद्दलचे ठाण्याच्या एका वाचकाचे मत अजिबात पटले नाही. लेखी पेपरात तुटलेला धागा पुन्हा जुळवता येतो. कमांड देताना तसे होत नाही. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक पोर्टला नवा व्हीलॅन जोडताना ‘ॲड’ हा एक शब्द राहिला, तर आधीची परवानगीची यादीच पुसली जाते. नेमके तेव्हाच कोणी टोकले, तर चूक कोणाच्या माथी मारायची?

माझी एक विद्यार्थिनी डोंबिवलीतल्या घरून ऑनलाइन परीक्षा देत होती. सबनेट मोजताना ओठ हलले म्हणून तिला पुन्हा पुन्हा थांबवले. घड्याळ मात्र चालूच होते आणि मागच्या प्रश्नाकडे परतायची सोय नव्हती.

कॉपी रोखलीच पाहिजे. विकत मिळणाऱ्या प्रश्नसंचांमुळे प्रामाणिक मुलांच्या प्रमाणपत्रांचीही किंमत घसरते, हे मी रोज पाहतो. पण सिस्कोच्याच सीसीआयई या परीक्षेची 8 तासांची लॅब बघा. त्यासाठी आपली मुले बेंगळुरू गाठतात. तिथे पर्यवेक्षकाने प्रश्नाच्या शब्दांचा खुलासा करावा, उपकरण बिघडले तर लक्ष घालावे, एवढेच अपेक्षित असते. घरून दिलेल्या परीक्षेतही हीच मर्यादा पाळली जावी आणि निष्कारण गेलेला वेळ भरून मिळावा.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या परीक्षार्थींना विनंती आहे, अडवणूक झाली तर गप्प बसू नका. त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

– एक नेटवर्किंग प्रशिक्षक, डोंबिवली (पूर्व)