अ‍ॅप मोफत आहे, पण फोन कुणाच्या खिशात?

सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझममुळे बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईनं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप बनवलंय. मूल चित्रावर बोट ठेवतं, फोन ते बोलून दाखवतो, मराठीतही. थेरपिस्टकडे शिकलेलं मग घरी जेवताना, खेळताना वापरता येतं. (चित्रांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.)

अडचण वेगळीच आहे. घरात स्मार्टफोन एकच असेल, तर तो सकाळी बाबांबरोबर कामावर जातो. म्हणजे मुलाचा आवाजही संध्याकाळपर्यंत घराबाहेर!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत सहायक साधनं मोफत द्यायची आहेत. श्रवणयंत्र त्यात बसतं, तर या मुलांसाठी टॅबलेटही बसायला हवा.