दहा मिनिटांचा लेझर, दिवसभराची चप्पल

मधुमेहींच्या पायाची जखम भरत नाही, कारण पेशींची ऊर्जा कमी पडते. तेव्हा लेझर, अल्ट्रासाउंड, नाहीतर विजेचा सौम्य प्रवाह द्या, जखम आपोआप भरेल. प्लास्टर वगैरे जुन्या काळच्या गोष्टी! असं सांगणारे एक विद्वान सध्या व्याख्यानं देत फिरताहेत. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचं नाव ते वाक्यागणिक घेतात. रुग्णाच्या चपलेचं एकदाही घेत नाहीत.

आमचं भांडण त्या चपलेवरूनच आहे. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम, भोवती पिवळट कडक घट्टा, आतली कड ओलसर पांढरी. नसा बधिर झालेल्या, म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस लंगडत नाही आणि दर पावलाला त्याच जागेवर भार देतो. अशा पायावर दहा मिनिटं लाल उजेड पाडायचा, पैसे घ्यायचे आणि त्याच झिजलेल्या स्लिपरवर त्याला जिना उतरायला लावायचा! उजेडाने तरतरी आलेल्या पेशी तळमजला येईपर्यंत चिरडल्या जातात, त्याचं काय? शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना हेच ओळखलं होतं. बोटं रोगाने गळून पडत नाहीत. बधिर पायाला पुन्हापुन्हा होणारी इजा ती खाते. पायाला चपखल बसणारं प्लास्टर घातलं की भार सगळ्या तळव्यावर पसरतो. शिवाय रुग्णाला ते घरी काढून ठेवता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि हीच विद्या पुढे मधुमेहींच्या कामी आली. तीच आता जुनाट ठरली म्हणे!

धमनी तुंबली असेल किंवा हाडात पू असेल, तर यंत्राने काय होणार? आणि अल्ट्रासाउंड? ब्रिटनमध्ये शिरांच्या विकाराने पायावर व्रण झालेल्या ३३७ रुग्णांवर चाचणी झाली. २०११ मध्ये निष्कर्ष आला, फायदा दिसला नाही.  

विजेला मात्र आम्ही थोतांड म्हणत नाही. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु बुआ-रेमाँ यांनी १८४३ मध्ये स्वतःच्या कापलेल्या बोटातून वाहणारा विजेचा प्रवाह मोजला होता. अमेरिकेतली मेडिकेअर विमा योजना जुनाट जखमांवरच्या विद्युत उपचाराचे पैसे देते, पण किमान ३० दिवस नेहमीचे उपचार करूनही जखम हटत नसेल तरच. म्हणजे यंत्राला जागा आहे. ती प्लास्टरनंतरची, प्लास्टरऐवजीची नव्हे.

यंत्राचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: पायातली नाडी तपासली का, आणि जखमेवरचा भार कसा काढणार? उत्तर मिळालं नाही, तर पाकीट बाहेर काढू नका.