पंपावरचे इन्सुलिन
इन्सुलिन पंप म्हणजे पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घातलेल्या बारीक, मऊ नळीतून दिवसरात्र थोडेथोडे इन्सुलिन सोडणारे, खिशात मावणारे यंत्र. 1963च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर वाहावा लागे. टाइप 1 मधुमेहात रोज चार-पाच इंजेक्शने घेऊनही ज्यांची साखर कधी 50वर कोसळते, कधी 350वर चढते, त्यांना याचा खरा उपयोग. पहाटे संप्रेरकांमुळे साखर वाढते. रात्री टोचलेले दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन तेवढ्या वेळापुरते वाढवता येत नाही, पंपाचा वेग मात्र पहाटे 3 ते 7 वाढवता येतो, चालायला निघण्याआधी कमीही करता येतो. जेवणाआधीचा डोस भाकरी-भातातले कर्बोदक मोजून स्वतःच द्यायचा असतो. हे मोजमाप न शिकता पंप लावणे म्हणजे पैसा वाया घालवणे. आणि एक धोका डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगायलाच हवा: पंपात फक्त जलद इन्सुलिन असते, शरीरात त्याची शिल्लक राहत नाही. नळी दुमडली किंवा निसटली, तर काही तासांतच रक्तात कीटोन नावाची आम्ले साठून जिवावर बेतते. म्हणून नळी दर दोन-तीन दिवसांनी जागा पालटून नवी घालतात आणि इन्सुलिनचे पेन कायम जवळ बाळगतात. सेन्सरशी जोडलेले नवे पंप साखर पाहून वेग आपोआप बदलतात. जेवणाची वर्दी मात्र बहुतेकांना पंपाला अजूनही आधी द्यावी लागते.