पुस्तिका आहे, काचेची नळी नाही



पाऊस लागला की कन्नड-सोयगावच्या डोंगरात साप निघतात. माणूस दगावला की आपण म्हणतो, "डॉक्टरला काही येत नाही, नुसतं घाटीला पाठवतो." आम्हीही तेच म्हणायचो.

साप चावल्यावर काय करायचं, याची सरकारी पुस्तिका आहे. शिरेतलं थोडं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. 20 मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष भिनलंय. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली पण नाही. नाग-मण्यारात रक्त गोठतं, पण पापण्या मिटायला लागतात. विष दिसलं की लस द्यायची, पहिल्यांदा 10 बाटल्या. लेकराला पण तेवढीच. लसीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनालिन भरून जवळ ठेवायचं.

मागच्या पावसाळ्यात आम्ही रात्री एका आरोग्य केंद्रावर पेशंट नेला. डॉक्टर एकटेच. सिस्टर बाळंतपणात अडकलेली. काचेची नळी नाही, लसीच्या चारच बाटल्या. गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली. बाहेर आपलीच वीस माणसं ओरडत होती. लस दिली अन् रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायला कोण? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. पुस्तिका त्यांना पाठ होती, पण हाताशी काहीच नव्हतं.

वनहक्काचं असंच आहे. 2006 चा कायदा चांगला, पण मोजणीला माणूस येत नाही, दावा गठ्ठ्यात पडून राहतो. समोरच्या कारकुनाला शिव्या देऊन दावा निघाला का? ठराव, कागद अन् मोर्चा लागला.

इथेही तेच करू. पावसाळ्याआधी ग्रामसभेची चार माणसं केंद्रावर जाऊन मोजतील: काचेच्या नळ्या, लसीच्या बाटल्या, अ‍ॅड्रेनालिन, रात्रीची सिस्टर. जे कमी असेल त्याचा ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्याला अन् जिल्हा परिषदेला द्यायचा, पोच घ्यायची. सगळं सामान असून डॉक्टरने हात लावला नाही, तर जाब विचारायचाच. पण उपचार चालू असताना दारात गर्दी करायची नाही. घाबरलेला डॉक्टर लस देत नाही, चिठ्ठी देतो. अन् घाटीच्या वाटेवर माणूस आपला जातो.